कार्ड झोपलंय का, आधी ते बघा

(कोल्हापुरात अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि संगणकावर डिझाइनचं काम करणारी तरुण मंडळी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप.)

पावसाळ्यात आपल्याकडं सकाळी उठल्या उठल्या दोन गोष्टी विचारल्या जातात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलं, आणि राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले. 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. राधानगरीचे ते सात दरवाजे कुणी उघडायला जात नाही. ते स्वयंचलित आहेत. धरण भरलं, पाणी ठरलेल्या पातळीला टेकलं की दरवाजा आपला आपण उघडतो, आणि पाणी उतरलं की आपला आपण बसतो.

लॅपटॉपमधलं वेगळं ग्राफिक्स कार्ड असंच चाललं पाहिजे. काम आलं की उठावं, संपलं की झोपावं, आणि आपण त्याच्या मागं लागावं लागू नये. लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर हे आज शक्य आहे. माझ्याकडं येणारी मुलं मात्र एकच प्रश्न घेऊन येतात: "सर, कार्ड चालू कसं करायचं?" लॅपटॉप उघडून बघावं तर कित्येकदा कार्ड चालूच असतं. सकाळपासून चालू असतं, काहीही न करता. पंखा घुमतोय, तळवा भाजतोय, बॅटरी तीन तासांत संपतेय, आणि पडद्यावर फक्त एक पीडीएफ उघडलेली असते. म्हणून मी आज चालू करण्याइतकंच झोपवण्याबद्दल बोलणार आहे.

आधी आतली जोडणी समजून घेऊ. तुमच्या लॅपटॉपमध्ये दोन चित्रकार, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारी दोन कार्डं आहेत. एक प्रोसेसरच्याच पोटात बसलेला, इंटेलचा किंवा एएमडीचा. त्याला स्वतःची मेमरी नाही, तो मुख्य रॅममधूनच थोडी घेतो. त्याला वीज कमी लागते, आणि रोजचं सगळं काम तो करतो. दुसरा वेगळा, स्वतःच्या मेमरीचा, ताकदीचा आणि खादाड. पहिल्याला मी छोटं कार्ड म्हणेन, दुसऱ्याला मोठं. आता महत्त्वाची गोष्ट: बहुतेक लॅपटॉपमध्ये पडद्याची तार पहिल्याकडंच गेलेली असते. दुसऱ्यानं कितीही सुंदर चित्र काढलं तरी ते पहिल्याच्या हातात द्यावं लागतं, मग पहिला ते पडद्यावर लावतो. ग्राफिक्स कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीनं 2010 साली ही पद्धत ऑप्टिमस या नावानं आणली. काही महाग लॅपटॉपमध्ये मक्स नावाचा स्विच असतो, त्यानं पडदा थेट मोठ्या कार्डाला जोडता येतो. तसं केलं की चित्राची ने-आण वाचते, थोडा वेग वाढतो, पण मोठं कार्ड झोपू शकत नाही.

लिनक्सवर यातलं काहीच सुरुवातीला नीट चालत नव्हतं. 2010 मध्ये कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, 2.6.34 या आवृत्तीत व्हीजीए स्विचेरू नावाचं साधन आलं. त्यानं एक कार्ड बंद करून दुसऱ्यावर जाता यायचं, पण दोघांना एकत्र राबवता येत नव्हतं. मग 2011 मध्ये ते जमवणारा बम्बलबी नावाचा प्रकल्प आला. स्वयंसेवकांनी, कंपनीच्या मदतीशिवाय, उभा केलेला. मी ऑप्टिमसचा पहिला लॅपटॉप घेतला तेव्हा रात्री जागून हाच बसवला होता. याच बम्बलबीच्या सुरुवातीच्या एका इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये, म्हणजे तो बसवणाऱ्या कमांडांच्या यादीत, जुनी फाइल पुसण्याची एक ओळ होती. पत्त्यात यूएसआर या शब्दानंतर चुकून एक मोकळी जागा पडली. एक स्पेस. त्यामुळं संगणकानं तो एक पत्ता दोन पत्ते म्हणून वाचला, आणि आख्खी यूएसआर डिरेक्टरीच पुसली. लिनक्समधले जवळपास सगळे प्रोग्राम तिथं राहतात. ज्यांनी ती स्क्रिप्ट चालवली त्यांची सिस्टीम गेली. चूक लगेच सुधारली गेली, पण मी आजही विद्यार्थ्यांना ती ओळ फळ्यावर लिहून दाखवतो. मुळाधिकार देऊन, म्हणजे सुडो लावून, एखादी स्क्रिप्ट चालवण्याआधी ती वाचायची, ही सवय माझ्या हाताला त्या ओळीनं लावली.

2012 साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स बोलत होते. श्रोत्यांतून प्रश्न आला तो नेमका ऑप्टिमसच्या लॅपटॉपबद्दलच होता. त्यांनी एनव्हिडियाला कॅमेऱ्यासमोर शिवी दिली, ती जगभर गाजली. त्या शिवीमागं आमच्यासारख्या हजारो लोकांच्या वाया गेलेल्या रात्री होत्या. पण तेवढ्यावर थांबणं आज अन्यायाचं होईल. 2019 मध्ये 435 क्रमांकाच्या ड्रायव्हरात, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, एनव्हिडियानं स्वतःच रेंडर ऑफलोड दिलं. म्हणजे डेस्कटॉप छोट्या कार्डावर, आणि आपण सांगू तेवढाच प्रोग्राम मोठ्यावर. मे 2022 मध्ये त्यांनी ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग खुला केला, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना दिला. वरचा भाग अजून बंद आहे. एएमडीचं कार्ड असेल तर ही ड्रायव्हरची कहाणी तुम्हाला लागूच नाही, कारण त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच येतो.

आता कामाला लागू. टर्मिनल उघडा आणि एलएसपीसीआय (lspci) चालवा, ती आतल्या उपकरणांची यादी दाखवते. दोन ओळी शोधा. छोट्या कार्डासमोर 'व्हीजीए कंपॅटिबल कंट्रोलर' असेल. मोठ्या कार्डासमोर काय लिहिलंय ते नीट वाचा. 'थ्रीडी कंट्रोलर' असेल तर बहुतेक वेळा त्या कार्डाला बाहेरचा एकही पोर्ट जोडलेला नाही, ते फक्त गणित करून देतं. तिथंही 'व्हीजीए' असेल तर एचडीएमआयचा पोर्ट थेट त्याच्यावर असण्याची दाट शक्यता आहे. याचा परिणाम थोड्या वेळात दाखवतो. जुना लॅपटॉप विकत घेताना लिनक्सचा पेनड्राइव्ह खिशात ठेवा, दुकानातच त्यावरून चालू करा आणि ही एक कमांड बघा. दुकानदार सांगेल त्यापेक्षा जास्त कळेल.

ड्रायव्हर कंपनीच्या वेबसाइटवरून उतरवून घेऊ नका. तुमच्या डिस्ट्रोच्या, म्हणजे उबंटूसारखं जे लिनक्स तुम्ही वापरता त्याच्या, भांडारातूनच घ्या, नाहीतर कर्नल बदलला की काळा पडदा ठरलेला. आणि इथंच ती जागा आहे जिथं सगळ्यात जास्त मुलं अडकतात. सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेलं काही चढू न देणारं कुलूप, चालू असेल तर ड्रायव्हर बसताना तो एक पासवर्ड ठरवायला सांगतो. पुन्हा चालू केल्यावर निळा पडदा येतो. त्यावर लिहिलेलं असतं की कोणतीही कळ दाबा, आणि दहा सेकंद उलटे मोजले जातात. निळा पडदा बघून माणूस घाबरतो, हात मागं घेतो. दहा सेकंद जातात, लिनक्स नेहमीसारखं सुरू होतं, कुठंही चूक दाखवत नाही. फक्त ड्रायव्हर चढत नाही, कारण त्याच्या सहीची किल्ली मदरबोर्डनं स्वीकारलेलीच नसते. गेल्या वर्षी एका मुलानं याच कारणापायी तीन वेळा आख्खं उबंटू नव्यानं टाकलं होतं. मी त्याच्या शेजारी बसलो, निळा पडदा आला, त्याला म्हटलं, "दाब कळ." एनरोल मॉक, म्हणजे किल्ली नोंदव, मग कंटिन्यू, मग तो पासवर्ड. दोन मिनिटांत काम झालं. त्या मुलाचा चेहरा मला आठवतो. त्याचा आठवडा गेला होता तो दहा सेकंदांत गेला होता.

ड्रायव्हर बसला की मोठ्या कार्डावर प्रोग्राम चालवायचा कसा? एनव्हिडिया असेल तर कित्येक डिस्ट्रोंत प्राइम-रन नावाची छोटी स्क्रिप्ट मिळते. प्रोग्रामच्या नावाआधी ती लिहायची. एएमडी असेल तर कॅपिटल अक्षरांत डीआरआय, अंडरस्कोर, प्राइम, बरोबरचं चिन्ह, 1 (DRI_PRIME=1), आणि मग प्रोग्रामचं नाव. गनोम डेस्कटॉपवर तर आयकॉनवर उजवी क्लिक केली की वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर सुरू करण्याचा पर्याय येतो.

पण प्रत्येक कामाला याची गरज नाही, हे मला ठासून सांगायचंय. गुजरीतल्या, म्हणजे आपल्या सराफ बाजारातल्या, एका पेढीसाठी डिझाइन करणारी एक मुलगी माझ्याकडं आली होती. ती ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या प्रोग्राममध्ये कोल्हापुरी साज घडवते. साजाची 21 पानं, मधले जवमणी, प्रत्येक मण्यावर शेजारच्या मण्याचं प्रतिबिंब. सोन्याची चकाकी दाखवायची म्हणजे प्रकाशाचा एकेक किरण या पानावरून त्या मण्यावर, तिथून तिसरीकडं असा मोजत जावा लागतो. तिचं एक चित्र तयार व्हायला पाऊण तास लागायचा. ती ब्लेंडर मोठ्या कार्डावर सुरू करायची, तरीही पाऊणच तास. कारण ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये, सिस्टीमच्या पानावर, सायकल्ससाठी, म्हणजे किरण मोजणाऱ्या भागासाठी, कोणतं उपकरण वापरायचं ते निवडलेलंच नव्हतं. खिडकी मोठं कार्ड रंगवत होतं आणि किरण मोजत होता प्रोसेसर. तिथं ऑप्टिक्स निवडलं, शेजारच्या यादीत कार्डावर खूण केली, आणि चित्र काही मिनिटांत आलं. वर गंमत अशी की या कामाला प्राइम-रन लागतच नाही. कुडा किंवा ऑप्टिक्स, ही कार्डाकडून गणित करून घेण्याची एनव्हिडियाची साधनं, वापरणारा प्रोग्राम मोठ्या कार्डाला स्वतःच हाक मारतो. ब्लेंडर साधं छोट्या कार्डावर उघडा, रेंडर, म्हणजे अंतिम चित्र काढणं, सुरू झालं की मोठं उठेल.

उद्यमनगर, शिरोलीच्या कारखान्यांकडच्या मुलांसाठी एक शब्द. फ्रीकॅड या ड्रॉइंगच्या प्रोग्राममध्ये एखाद्या कास्टिंगचा सुटा भाग काढायला छोटं कार्ड पुरतं. ओपनफोमवर प्रवाहाचं गणित करत असाल तर ते मुळात प्रोसेसरवरच चालतं. त्यासाठी महाग कार्डाचा लॅपटॉप घेऊ नका. तेच पैसे जास्त कोअर आणि रॅममध्ये घाला.

आता झोपेकडं येऊ. कार्ड जागं आहे की झोपलेलं, हे सांगणारी एक छोटी फाइल लिनक्समध्ये असते: सिस, बस, पीसीआय, डिव्हाइसेस, मग एलएसपीसीआयमध्ये दिसलेला कार्डाचा क्रमांक, त्यात पॉवर, त्यात रनटाइम स्टेटस (runtime_status). ती वाचली की एकच शब्द येतो. ॲक्टिव्ह किंवा सस्पेंडेड. हे तपासायला एनव्हिडिया-एसएमआय चालवू नका. ती कमांड कार्डाशी बोलते, आणि बोलायचं म्हणजे आधी त्याला उठवावं लागतं. झोपलेल्या माणसाला हलवून "झोपलास का?" विचारण्यासारखं आहे ते. एकाच्या लॅपटॉपवर वरच्या पट्टीत कार्डाचं तापमान दाखवणारं विजेट होतं. ते दर दोन सेकंदांनी कार्डाला विचारत होतं. कार्ड किती तापलंय हे बघण्यासाठी बसवलेल्या विजेटनंच कार्ड दिवसभर तापत ठेवलं होतं. विजेट काढलं, पंखा थांबला.

माझ्या या लॅपटॉपवर कार्ड झोपलेलं असताना बॅटरीतून साधारण सात वॅट जातात. नुसतं जागं बसलं, काहीही न करता, की पंधरा. बॅटरी 50 वॅट-अवरची आहे. एकीकडं सात तास, दुसरीकडं साडेतीनही नाहीत. गावाकडून रोज येऊन-जाऊन शिकणाऱ्या मुलासाठी, ज्याला वर्गात प्लग मिळेलच असं नाही, हा फरक म्हणजे आख्खा दिवस आहे.

एनव्हिडियाच्या ड्रायव्हरवर ही आपोआप झोप ट्युरिंग पिढीपासून, म्हणजे जीटीएक्स 16 आणि आरटीएक्स 20 मालिकेपासून पुढंच नीट मिळते. तुमच्यातल्या अनेकांकडं जुन्या बाजारातला जीटीएक्स 1050 चा लॅपटॉप असेल. तो त्याच्या आधीच्या पिढीचा. त्यावर उबंटूचं प्राइम-सिलेक्ट वापरा: बाहेर पडताना इंटेल, रेंडरच्या दिवशी एनव्हिडिया. दर वेळी पुन्हा चालू करावं लागतं. हा दरवाजा हातानं फिरवायचा आहे, पण फिरतो.

शेवटी ती पोर्टची गोष्ट. माझ्या लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट मोठ्या कार्डावर आहे. तुम्ही पडद्यावर बघताय ते सगळं छोट्या कार्डानं काढलंय, पण प्रोजेक्टरपर्यंत ते मोठ्या कार्डातून येतंय. उलटी वाट. म्हणून मी तासभर एक अक्षरही मोठ्या कार्डावर चालवलेलं नाही, तरी बघा, फाइल वाचतो: ॲक्टिव्ह. ऑफिसात बाहेरचा मॉनिटर लावून बसणाऱ्यांचं कार्ड झोपत का नाही, त्याचं उत्तर हे. त्यांनी टाइप-सी पोर्टवरून मॉनिटर लावून बघावा. काही लॅपटॉपमध्ये तो पोर्ट छोट्या कार्डाकडं गेलेला असतो.

आता मी केबल काढतो. पडदा काळा होईल, त्यामुळं पुढच्या रांगेतल्या ताई, तुम्ही जरा इकडं या आणि माझ्या लॅपटॉपवर वाचा. थोडं थांबू, त्याला काही सेकंद लागतात. हं, आता तीच कमांड पुन्हा. काय दिसतंय?

"सस्पेंडेड."

पंख्याचा आवाजही ऐका, उतरतोय. ज्यांनी आपापले लॅपटॉप आणलेत त्यांनी पुढं या, एकेक उघडून बघू. निळ्या पडद्यावर अडकलेले आधी.