उसाच्या चिपाडातून अमोनिया ओळखणारी फिल्म

(गुऱ्हाळासमोर, हातात ओलं चिपाड)

नमस्कार मंडळी! हे बघा, आत्ताच घाण्यातून बाहेर पडलेलं चिपाड. रस काहिलीत गेला, आता हे वाळेल आणि चुलवाणात जाईल. आपल्या कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललंय. पण वाळलेल्या चिपाडात साधारण 40 टक्के सेल्युलोज, म्हणजे वनस्पतींच्या तंतूंचा मुख्य पदार्थ असतो, आणि त्यातून अमोनियाची गळती ओळखणारी पातळ फिल्म करता येते.

अमोनिया लागतो बर्फाच्या कारखान्यात, कोल्ड स्टोरेजमध्ये, दूध थंड करायच्या मोठ्या प्रकल्पात. गळला की डोळे चुरचुरतात, श्वास कोंडतो. वायू ओळखणारे बरेच जुने सेन्सर टिन ऑक्साईडचे असतात. ते 200 ते 400 अंशांपर्यंत तापवावे लागतात, म्हणजे आत हीटर आला, त्याला सतत वीज आली.

(टेबलावर काचेची ताटली)

चिपाड कॉस्टिक सोड्यात शिजवलं की लिग्निन, म्हणजे तंतूंना चिकटवून धरणारा पदार्थ, सुटतो. ब्लीच केलं की पांढरा लगदा उरतो. तो यंत्रात रगडत राहिलं की तंतू सुटत सुटत नॅनोमीटरमध्ये मोजावे इतके, म्हणजे केसाहून हजारो पटींनी बारीक होतात. शंभर भागांत जेमतेम दोन भाग तंतू, बाकी सगळं पाणी, तरी खळीसारखं घट्ट होतं! ते ताटलीत ओतून वाळवलं की असा कांद्याच्या पापुद्र्यासारखा पारदर्शक पदर सुटून येतो.

सेल्युलोजमधून वीज जात नाही, म्हणून तंतूंवर पॉलिअॅनिलिन या वीज वाहून नेणाऱ्या रसायनाचा हिरवा थर चढवतात. ज्या प्रोटॉनांमुळे, म्हणजे धनभारित कणांमुळे, त्यातून वीज जाते, तेच अमोनिया ओढून घेतो. मग विजेचा रोध वाढतो आणि हिरवा रंग निळ्याकडे झुकतो. हे सगळं खोलीच्या तापमानाला, हीटरशिवाय.

आता आपल्याकडची खरी अडचण, पाऊस. सेल्युलोज हवेतला ओलावा ओढून घेतं. आषाढात पापड सादळतात ना, तशीच ही फिल्म सादळते, आणि अमोनिया नसतानाही रोध बदलतो. म्हणून शेजारी आर्द्रता मोजणारा सेन्सर लागतो. कोरड्या प्रयोगशाळेतल्या आकड्यांवर माझं समाधान होत नाही. ही फिल्म जुलैत धो धो पावसाच्या गगनबावड्याला ठेवून बघायला हवी.

आणि पॉलिअॅनिलिन काही झाडातून येत नाही, मातीत सहज कुजतही नाही. त्यामुळे अशा फिल्मला कुणी ‘शंभर टक्के पर्यावरणपूरक’ असं लेबल लावलं तर ते मला पटत नाही. फिल्मच्या पायाला प्लास्टिकच्या जागी चिपाड आलं, एवढं मात्र खरं. शिवाय कॉस्टिकचं पाणी तसंच ओढ्यात सोडलं तर ते शेवटी पंचगंगेलाच मिळणार, तेव्हा ते परत वापरायची सोय आधी व्हायला पाहिजे.