घड्याळ मागं, ईद पुढं

(सुरुवातीला फक्त आवाज. चित्र थोडं उशिरा.)

हा डंकाचा आवाज. कोल्हापूरकराला तो ओळखायला चित्र लागत नाही. उन्हाळा लागला की पेठेपेठेत लोखंडी मुसळं वरखाली होऊ लागतात आणि रस्त्यानं जाणाऱ्यालाही ठसका लागतो. घरोघरची वर्षाची चटणी इथं कांडली जाते. पाकिटावर तिला कांदा-लसूण मसाला म्हणतात. आपल्याकडं ती नुसती चटणी.

रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. वाळवून तळलेला कांदा, लसूण, सुकं खोबरं, धणे, तीळ, खसखस. शनिवार पेठेतल्या या आईंनी यंदा, म्हणजे २०२५च्या उन्हाळ्यात, पाच किलोची चटणी केलीय. घरात माणसं दोन. त्यातली निम्मी चटणी जर्मनीला जायची आहे, स्टुटगार्टला, मुलाच्या घरी.

डबा बांधताना त्यांचे हात बघा. आत पिशवी, पिशवीला दोरा, झाकणाला चिकटपट्टी, वरनं जुन्या ओढणीची गाठ. मुलाचा मित्र परवा रात्रीच्या स्लीपर गाडीनं मुंबईला निघेल, तिथनं विमानानं फ्रँकफुर्ट, पुढं रेल्वे. पेढे नाहीत, तूप नाही, सुकं मटण तर नाहीच. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरच्या देशातनं प्रवाशाला युरोपात नेता येत नाहीत. चटणीला आडकाठी नाही. भाच्याचं बिऱ्हाड दुबईला आहे, त्याच्यासाठी मात्र बिनखसखशीची वेगळी कांडावी लागते. तिकडं खसखशीवर बंदी आहे. जर्मनीत उलट, खसखशीचा केक करतात. कुठल्या देशात काय चालतं, काय नाही, हे आईंना तोंडपाठ आहे. त्यांनी स्वतः अजून एकही देश बघितलेला नाही.

या घरातल्या कुणाचं नाव आम्ही घेणार नाही, ती त्यांची इच्छा. मी याच भागात वाढलो, त्यामुळं मला नावांची गरज पडत नाही. तुम्हालाही पडणार नाही.

(दसरा चौक. मुस्लिम बोर्डिंगची इमारत.)

वडिलांचे आजोबा खेड्यातनं शिकायला आले ते इथं. १९०६ साली राजर्षी शाहू महाराजांनी हे मुस्लिम बोर्डिंग काढलं. पोरांना शाळा होत्या, पण राहायला जागा नव्हती, म्हणून मराठा, जैन, लिंगायत अशा एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहिली, त्यातलंच हे एक. आजोबा शिकले म्हणून घर पेठेत आलं. वडील शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डर होते, एकतीस वर्षं. वाळूचा साचा, त्यात कोअर, म्हणजे पोकळी राखणारा आतला गाभा, वर ओतायचं वितळलेलं लोखंड. रसाच्या रंगावरनं ते सांगायचे, आत्ता ओत, आत्ता थांब.

मुलगा मेकॅनिकल झाला, आणि आज स्टुटगार्टमध्ये तेच काम संगणकावर करतो. साच्यात धातू कसा पसरेल, कुठं आधी थंड होईल, पोकळी कुठं राहील, हे ओतण्याआधी पडद्यावर दिसतं. रविवारी फोनवर बापलेकाचं बोलणं बराच वेळ याच विषयावर चालतं. मुलगा पडद्यावरचं चित्र दाखवतो. वडील चष्मा वर करून बघतात आणि विचारतात, "रायझर एवढा लहान का ठेवलाय रं?" रायझर म्हणजे धातू थंड होऊन आकसला की भर घालणारा जादा रसाचा साठा. दोनदा त्यांचं बरोबर निघालं, असं मुलगाच सांगतो.

(आता स्टुटगार्ट. इथलं सगळं चित्रण सूनबाईंनी त्यांच्या फोनवर केलेलं आहे.)

सकाळचे सात. मुलगा कामाला गेलाय. चार वर्षांची नात पायात मोजे चढवतेय. तिला किटात, म्हणजे तिकडच्या बालवाडीत, सोडायचं. जेवणात डुकराचं मांस असेल त्या दिवशी तिच्या ताटात भाजीचा पदार्थ येतो. आईनं पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं, पुन्हा सांगावं लागलं नाही.

सूनबाई कोल्हापुरात शाळेत गणित शिकवायच्या. जून २०२२ मध्ये इथं आल्यावर पहिलं वर्ष त्यांनी गप्प राहून काढलं. हा शब्द त्यांचाच. भाषा येत नाही म्हणजे काय होतं, तर दुकानात बोट दाखवावं लागतं आणि वर्गासमोर उभं राहणारी बाई दुसऱ्यांच्या तोंडाकडं बघत राहते. आता त्या जर्मनच्या परीक्षा देताहेत. पुन्हा शाळेत शिकवायचं हे त्यांनी ठरवलेलं आहे. त्या शिकवतील. मी त्यांना शिकवताना बघितलंय.

इमारतीत एक रीत आहे. दाराला पाटी अडकवतात. ज्याच्या दाराला पाटी, त्यानं त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा, आणि आठवडा संपला की पाटी शेजाऱ्याच्या दाराला. स्टुटगार्टच्या श्वाबेन मुलखात हे फार मनावर घेतात. या आठवड्याला नाव आहे केरवोखे. वोखे म्हणजे आठवडा आणि केर म्हणजे झाडणं. फोनवर हे ऐकून इकडच्या आई एकदम खूश झाल्या. "म्हंजे केर आपलाच की!"

पहिल्या केरवोख्याला वरच्या मजल्यावरच्या आजीबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. सूनबाईंनी कोपरे आधी काढले, मग पायऱ्या, मग कठडा ओल्या फडक्यानं. आजीबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दारात सफरचंदाच्या केकचा तुकडा झाकून ठेवलेला होता.

मटण तुर्की खाटकाकडनं. १९६१ साली जर्मनीनं तुर्कस्तानाशी करार करून कामगार बोलावले, स्टुटगार्टच्या कारखान्यांनाही माणसं हवी होती. त्या माणसांची नातवंडं आता इथली दुकानं चालवतात आणि त्यांनी बांधलेल्या मशिदीत आपला मुलगा जुम्म्याला जातो, जेवणाच्या सुट्टीत, घाईघाईनं. खुतबा, म्हणजे जुम्म्याचं प्रवचन, तुर्कीत आणि जर्मनमध्ये. दोन्हीतलं थोडं थोडं कळतं.

तिथं बायका सूनबाईंना विचारतात, पाकिस्तानच्या का? त्या हसून सांगतात, नाही, भारतातल्या. एवढ्यावर ते मिटतं.

मिटत नाही ते दुसरं. स्टुटगार्टमधल्या मराठी मंडळींच्या गणपतीला हे तिघंही गेले होते. आरती झाली, प्रसाद झाला, आणि एका बाईंनी कौतुकानं म्हटलं, "तुम्ही मराठी किती छान बोलता हो!" हेतू वाईट नव्हता. पण सूनबाईंना त्या रात्री झोप लागली नाही. "आमी काय शिकून आलोय व्हय ही भाषा?" त्या मला म्हणाल्या.

इथं मला थांबून बोलायचंय. या घरात दखनी, म्हणजे दख्खनची उर्दू, बोलतात आणि मराठी बोलतात. दखनीतला 'नक्को' हा आपलाच 'नको' आहे. आईनं मुलाला रागवायचं ते मराठीत, वडिलांनी भट्टीवर ओरडायचं ते मराठीत, आणि पेठेतल्या तालमीत मुलाच्या अंगाला माती लागली ती कोल्हापूरची. याच गावात मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले की बाबूजमाल तालमीत गणपती आणि पीराचा पंजा शेजारी बसतात. अशा गावातनं निघालेल्या माणसाला दूरदेशी आपलाच कुणी मराठीबद्दल शाबासकी देतो, तेव्हा तो त्याला पाहुणा करतो. हे दुखतं, आणि दुखायलाच पाहिजे. उद्या कुणी भेटलं तर मराठीचं कौतुक करू नका. गाव विचारा. एवढं पुरतं.

(३० मार्च २०२५. फोनच्या पडद्यावर दोन्ही घरं.)

या दिवसाचं चित्रण मी पुन्हा पुन्हा बघितलं.

रविवार होता. स्टुटगार्टमध्ये ईद. तिकडं रमजान एक दिवस आधी सुरू झाला होता, त्यामुळं ईदही एक दिवस आधी. ईदला तिथं सार्वजनिक सुट्टी नसते, रजा टाकावी लागते. यंदा रविवारनं ती वाचवली. त्याच पहाटे तिकडची घड्याळं एक तास पुढं गेली, उन्हाळ्याची वेळ लागली. काल साडेचार तास मागं असलेलं मुलाचं घर आज साडेतीन तासच मागं. आईंना हे फार आवडतं. "येक तास जवळ आली पोरं," म्हणतात.

आणि इकडं कोल्हापुरात गुढीपाडवा. गल्लीत गुढ्या उभ्या. आईंचा एकोणतिसावा रोजा.

म्हणजे बघा. सकाळी फोनवर नात नवा फ्रॉक घालून शिरखुर्मा खातेय, शेवया आजीच्याच हातच्या. आजी उपाशीपोटी तिला 'ईद मुबारक' म्हणतेय. मागं खिडकीत शेजारच्यांच्या गुढीची साखरगाठी हलतेय. नात विचारते, "दादी, तो तांब्या उलटा का ठेवलाय?" दादी सांगते, कडुलिंब, साखर, नवं वर्ष. किती कळलं कोण जाणे. तिनं "नक्को, मला वर चढून बघायचंय" म्हणून हट्ट धरला, आणि तो हट्ट पुरवायला आजोबा फोन घेऊन गच्चीवर गेले. तिथनं सगळी पेठ दिसते. गुढ्या मोजल्या दोघांनी. आजोबा मराठीत, नात जर्मनमध्ये. आइन्स, त्स्वाय, द्राय. अकरावर दोघं एकत्र पोचले.

दुपारी शेजारच्या काकू झाकलेलं ताट घेऊन आल्या. पुरणपोळी, कटाची आमटी. "सोडताना खावा," म्हणाल्या. ताट ओट्यावर तसंच राहिलं. पावणेसातच्या सुमाराला अजान झाली, स्टुटगार्टमध्ये तेव्हा भर दुपार, सव्वातीन. मुलानं पुन्हा फोन लावला. आईंनी खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायल्या, आणि मग पहिला घास पोळीचा. पडद्यावर तिघं बघत होते, बोलत कुणीच नव्हतं.

त्या संध्याकाळी चंद्र दिसला. सोमवारी कोल्हापूरची ईद. वडील मुस्लिम बोर्डिंगच्या मैदानावर नमाज पढून आले. आईंनी काकूंचं ताट रिकामं परत द्यायचं नाही म्हणून त्यात शिरखुर्म्याची वाटी ठेवली.

(पुन्हा आजचा दिवस. कपाट.)

डबा बांधून झाला. आईंनी कपाट उघडलं आणि साबणाचा एक जुना डबा काढला. नात जर्मनीला गेल्यापासून दर ईदला तिच्या नावची एक नोट त्या यात टाकतात. पाठवत नाहीत. ईदी हातात द्यायची असते, डोक्यावरनं हात फिरवून, असं त्यांचं म्हणणं. तीन वर्षं झाली. पोरं एकदाच आली, तीही डिसेंबरात.

आईंनी नोटा पलंगावर मांडल्या. दहाच्या, सगळ्या कोऱ्या, बँकेतनं मुद्दाम आणलेल्या. मोजल्या. सहा.

मग पुन्हा डब्यात ठेवल्या, कपाटाला किल्ली लावली, आणि मला विचारलं, "चा घेणार न्हवं?"