अप्पांचं पोस्टिंग

नमस्कार मंडळी. मला इथं रेडिओ केंद्रावर बोलायला बोलावलं तेव्हा मी म्हणलं, अहो मी काही लेखक-बिखक नाही, चादरीच्या दुकानात हिशेब लिहिणारा माणूस, मला कुठलं जमतंय. तर म्हणले, वडिलांचं जे शोधून काढलंय ते घरी पाहुण्यांना सांगता तसंच सांगा. म्हणून तसंच सांगतो, मधेच भरकटलो तर सांभाळून घ्या.

आमचे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, एअर फोर्सला होते. पायलट नव्हते हे आधीच सांगतो, कारण एअर फोर्स म्हणलं की समोरचा लगेच हात आडवा करून विमान उडवायला लागतो. अप्पा एअरमन होते, आर्मामेंटचे, म्हणजे विमानाच्या तोफा, गोळ्या, बॉम्ब हे सगळं लावणारे. पंधरा वर्षं नोकरी करून सोलापूरला परत आले, मिलमध्ये फिटर म्हणून लागले, भोंगा झाला की जायचे आणि भोंगा झाला की यायचे, पुढं मिल बंद पडली, आणि 2009 साली अप्पा पण गेले. मेसमधल्या डाळीवर हा माणूस अर्धा तास बोलायचा, बिलेटमध्ये, म्हणजे झोपायच्या बराकीत, कोण किती घोरायचं त्याची नक्कल करून दाखवायचा, पण एकाहत्तरच्या लढाईचं विचारलं की "लई थंडी होती" एवढंच म्हणायचा. संपलं. पुढं काही नाही.

मग 1997 साली एकाहत्तरला राजस्थानात झालेल्या लोंगेवालाच्या लढाईवरचा तो सिनेमा लागला आणि आमच्या पेठेत ठरूनच गेलं की अप्पा लोंगेवालाला होते. कुणी ठरवलं देव जाणे. गणपतीत मंडळानं स्टेजवर बोलावून सत्कार केला, अप्पांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि काही न बोलता खाली उतरले. आता गप्प बसलेल्या माणसाचं मौन म्हणजे होकार असं आपण धरतोच की, आणि मी तर पुढची वीस वर्षं लोकांना रंगवून सांगत सुटलो, की बघा, जैसलमेरची हंटर विमानं, त्यांना रात्री उडून हल्ला करता येत नव्हता, म्हणून सगळे उजाडायची वाट बघत बसलेत, आणि 5 डिसेंबरला उजाडताच विमानं उडाली आणि वाळूत अडकलेले रणगाडे टिपले. हे सगळं खरंच आहे, इतिहासात आहे. फक्त त्या विमानाखाली मी अप्पांना उभं केलेलं होतं ते माझ्या मनानं.

उलगडा कसा झाला सांगतो. आईच्या ट्रंकेत कसलातरी कागद शोधत होतो आणि तळाला एका जुन्या टॉवेलात बांधलेलं गाठोडं सापडलं. त्यात एक गोल पदक, चार पोरांचा एक फोटो, आणि एक लोखंडी वस्तू. ती वस्तू मी लहानपणापासून बघत होतो, वाकवलेल्या पत्र्याची क्लिप, कड्या एकमेकीला जोडल्यासारखी, तळव्यात मावेल एवढी. आई कितीतरी वर्षं त्यात लाईटबिलं अडकवायची. मिलमधला कसलातरी पार्ट असेल असं आम्हाला वाटायचं.

पदक म्हणजे संग्राम मेडल. आता गंमत अशी की हे मेडल एकाहत्तरच्या वेळी नोकरीत असलेल्या खूप जणांना मिळालं, माणूस पूर्वेला असो की पश्चिमेला, त्यामुळं त्यावरनं जागा कळत नाही. जागा कळते स्टारवरनं, पूर्वेला असला तर पूर्वी स्टार आणि पश्चिमेला असला तर पश्चिमी स्टार. अप्पांचा स्टार गाठोड्यात नव्हता. तो बहुतेक लहानपणी मीच खेळायला म्हणून नेला आणि सिद्धेश्वर तळ्याच्या काठावर कुठंतरी हरवला, आईचा तसा संशय आहे आणि मला तो खोडून काढता येत नाही. पण मेडलच्या कडेवर, म्हणजे नाण्याला जिथं खाचा असतात ना तिथं, बारीक अक्षरात काहीतरी कोरलेलं दिसलं. भिंग लावून वाचलं तर सर्व्हिस नंबर, रँक आणि नाव. तुमच्या घरात असं पदक असेल तर आज रात्रीच कड बघा, कारण नंबर नसला तर कुठल्याच खिडकीवर कुणी दाद देत नाही. नंबर असूनही माझ्या दोन पत्रांना एका ऑफिसातनं उत्तर आलं नाही ते सोडा. कागद येईना म्हणून मी माणसं शोधायला लागलो.

पहिला माणूस इथलाच, अशोक चौकातला. 7 डिसेंबरला ध्वजदिन असतो, त्याच्या कार्यक्रमाला माजी सैनिक येतात, तिथं मी गाठोडं घेऊनच गेलो होतो. हे काका रेडिओ मेकॅनिक, एअर फोर्सचेच पण पंजाबात होते, अप्पांना कधी भेटले नव्हते. त्यांनी पदक बघितलं नाही, फोटो बघितला नाही, विचारलं, "पत्रं हायत का?" पत्रं होती. आमच्या आज्जीनं अप्पांची सगळी पत्रं तारेला ओवून ठेवली होती, विड्या वळायच्या सुपाच्या वर ती तार लटकायची. दुसऱ्या दिवशी ती तारच उचलून नेली. काकांनी मजकूर वाचलाच नाही, नुसता पाठवणाऱ्याचा पत्ता बघितला आणि म्हणले, "काय बे, इतके वर्षं काय करलालास? लिवलंय की. केअर ऑफ 99 एपीओ."

तर मंडळी, फौजेच्या पत्त्यात गावाचं नाव नसतं, एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिसचा नंबर असतो. पण 56 एपीओची टपाल दिल्लीवरनं फिरते आणि 99 एपीओची कलकत्त्यावरनं, पूर्वेकडची. एकाहत्तरच्या नोव्हेंबर-डिसेंबरची सगळी पत्रं 99 ची. म्हणजे अप्पा राजस्थानात नव्हतेच. माझं लोंगेवाला तिथंच, अशोक चौकात, चहाच्या टेबलावर संपलं. खोटं कशाला बोलू, घरी येऊन त्या दिवशी मी जेवलो नाही.

दुसरे काका बेळगावचे. हे आर्मामेंटचेच, अप्पांच्याच ट्रेडचे. त्यांच्या हातावर ती लाईटबिलाची क्लिप ठेवली तर चष्मा न लावता, नुसतं अंगठ्यानं चाचपून म्हणाले, "लिंक आहे. अ‍ॅडनची, तीस एमएम." म्हणजे तोफेच्या गोळ्यांचा जो पट्टा असतो त्यात एका गोळीला दुसरीशी धरून ठेवणारी कडी. मी लगेच उड्या मारायला लागलो की म्हणजे हंटर, तर त्यांनी मला खाली बसवलं. अ‍ॅडन तोफ हंटरला होती, नॅट नावाच्या छोट्या लढाऊ विमानाला होती, आपल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या मारुत विमानाला पण होती. मारुत त्या लढाईत पश्चिमेला लढली, ती 99 एपीओमुळं गळाली. राहिले हंटर आणि नॅट. काका स्वतः नॅटवाले, 22 नोव्हेंबरला पूर्वेच्या सरहद्दीजवळ बोयऱ्यावर नॅटनी पाकिस्तानची सेबर विमानं पाडली ती गोष्ट सांगताना त्यांचा आवाज अजून चढतो, पण म्हणाले, आमच्यात सोलापूरचा कुणी नव्हता, असता तर चादरी मागवल्या असत्या.

आणि त्यांनी मला एक सांगून ठेवलं ते फार उपयोगी पडलं. म्हणाले, "पुढं कुणाला भेटशील तर लढाईचं विचारू नकोस, कामाचं विचार. लढाई पायलट सांगतील. आम्हाला आमच्या विमानाच्या पोटाखालची दहा फूट जागा दिसली, बाकी काय दिसलं?"

आता फोटो. स्टुडिओतला, मागं रंगवलेला डोंगर आणि हंस. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का, अर्धा उडालेला, शेवटची इंग्रजी अक्षरं तेवढी राहिलेली, डी यू ए आर. आमच्या घरी सगळे म्हणायचे अप्पा हरिद्वारला गेले होते तेव्हाचा फोटो. आज्जी तर लोकांना सांगायची, माझा लेक गंगेत न्हाऊन आला. बेळगावच्या काकांनी तो फोटो त्यांच्या माजी एअरमनांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, आणि रात्री अकराला कोईमतूरवरनं एका नातवाचा मेसेज आला, की आजोबा म्हणतात हा शिक्का अलीपूरद्वारचा आहे आणि डावीकडून दुसरा मी आहे.

अलीपूरद्वार हे उत्तर बंगालातलं गाव, आणि त्याच्या जवळचा एअर फोर्सचा तळ म्हणजे हासिमारा. भूतानच्या पायथ्याशी, सगळीकडं चहाचे मळे. 2021 पासून तिथं राफेल विमानं आहेत, पण एकाहत्तरला तिथं हंटरच्या दोन स्क्वाड्रन होत्या, 17 आणि 37 नंबरच्या. 3 डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्ताननं पश्चिमेकडच्या आपल्या तळांवर हल्ले केले, आणि 4 तारखेला हासिमाऱ्याची हंटर ढाक्याच्या तेजगाव विमानतळावर गेली. सुमारे तीनशे चाळीस किलोमीटरवर जायचं आणि परत यायचं, आणि काही आलीच नाहीत.

कोईमतूरच्या अंकलना मी पहिला फोन केला तो वाया गेला. उत्साहाच्या भरात बेळगावचा सल्लाच विसरलो आणि माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं की लढाईत माझे वडील काय करत होते, तर ते म्हणाले, "सब लोग काम करता था बेटा." आणि तब्येत कशी, पाऊस कसा, फोन बंद. अप्पांचं नाव सांगितलं तरी त्यांना आठवेना. दुसऱ्या वेळी मी म्हणलं, अंकल, हंटरचा गन पॅक बदलायला किती वेळ लागायचा? मंडळी, तो माणूस चाळीस मिनिटं बोलला.

हंटरच्या नाकाच्या खाली चार तोफा, आणि त्या चारही तोफा गोळ्यांच्या पेट्यांसकट एकाच डब्यात बसवलेल्या, नळ्या तेवढ्या विमानातच राहायच्या. विमान उतरलं की रिकामा पॅक खाली ट्रॉलीवर घ्यायचा आणि भरलेला वर चढवायचा, दहा मिनिटांच्या आत. उडालेल्या गोळ्यांची टरफलं हवेतच बाहेर पडायची, पण लिंक बाहेर पडून विमानाला लागू नयेत म्हणून पोटाखाली दोन फुगवटे होते, त्यात त्या साठायच्या, आणि आर्मामेंटवाल्यानं त्या काढायच्या. म्हणजे आमच्या आईनं जिच्यात लाईटबिलं अडकवली ती कडी रिकामी झाली होती ती गोळी उडाली म्हणून. कुठं उडाली, कुणावर उडाली, हे मला माहीत नाही, आणि ते माहीत नसलेलं बरं असं मला एखाद्या रात्री वाटतं.

"थंडी लई होती" हे पण खरंच निघालं. हातमोजे घालून बारीक पिना धरता येत नाहीत म्हणून सगळे उघड्या हातानं काम करायचे, ब्लॅकआऊट असायचा, टॉर्चला कापड गुंडाळलेलं, आणि लोखंड असं गार की बोटं बधिर. अंकल बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, एकाचं बोट ट्रॉली आणि पॅकच्या मधे सापडलं होतं, नख फाटलं, पण विमान जाईपर्यंत पोरगा सिक क्वार्टरला, म्हणजे तळावरच्या दवाखान्यात, गेला नाही, त्याला आम्ही सोलापूर म्हणायचो. मी विचारलं कुठलं बोट. म्हणाले, ते कसं आठवेल, पण पुढं कितीतरी दिवस तो डाव्या हातात मग धरायचा नाही. अप्पांच्या डाव्या हाताचं मधलं नख शेवटपर्यंत दुभंगलेलं होतं. अंकलना नाव का आठवत नव्हतं ते मला तेव्हा कळलं, तिकडं त्यांना नावानं कुणी हाकच मारली नव्हती.

अर्थात म्हाताऱ्या माणसाच्या आठवणी जशाच्या तशा घेऊन चालत नाही हे पण सांगतो. अंकल म्हणाले, दहा तारखेला आमच्या तळावर सेबर आली, आम्ही खंदकात उड्या मारल्या. पण तेजगावची धावपट्टी आपल्या मिग विमानांनी सात तारखेपर्यंत अशी उखडून टाकली होती की तिथनं सेबर उडायचाच प्रश्न नव्हता. मी भीत भीत तसं म्हणलं, तर बराच वेळ गप्प, आणि मग स्वतःच हसले, "अरे हां, वो कलाईकुंडा. सिक्स्टी-फाइव्ह." कलाईकुंडा हा बंगालातलाच दुसरा तळ, त्याच्यावरचा पासष्टच्या सप्टेंबरचा हल्ला एकाहत्तरमध्ये येऊन बसला होता. सहा वर्षांचं अंतर आहे, पण खंदक तोच वाटत असेल. आणि 14 डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाऊसवर मिग गेली, हासिमाऱ्याची हंटर पण गेली, तर त्यातल्या एखाद्याचा पॅक अप्पांनी भरला होता का, असं मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा अंकल म्हणाले, माहीत नाही. मी पण म्हणून कुणाला तसं सांगत नाही. एकदा लोंगेवाला सांगून झालंय, आता बास.

पेठेतल्या मंडळाला मी जाऊन सांगितलं की तुमचा सत्कार चुकीच्या आघाडीचा झाला. अध्यक्ष आता दुसरे आहेत, ते म्हणाले, शाल परत थोडीच घ्यायचीय.

आता माझं एक काम राहिलंय आणि ते तुमच्याकडं आहे. फोटोत चौघे आहेत. अप्पा, कोईमतूरचे अंकल, तिसरे पंजाबचे, ते वारले. चौथा उजवीकडचा, कान मोठे, मनगटी घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला फिरवलेली. अंकल सांगतात तो सोलापूरच्याच बाजूचा, मराठी, सुट्टीवरनं आला की ट्रंकभर शेंगाची चटणी आणायचा आणि त्याला ते बार्शी म्हणायचे की पंढरपूर म्हणायचे ते नक्की आठवत नाही. तेव्हा बार्शी, पंढरपूर, झालंच तर कुर्डुवाडी, मंगळवेढ्याकडच्या मंडळींनी घरातले जुने फोटो जरा उलटे करून बघा. मागं डी यू ए आर दिसलं, आणि पुढं रंगवलेल्या डोंगरासमोर मोठ्या कानाचा पोरगा उभा असला, तर इथं केंद्रावर एक कार्ड टाका. मंगळवारी आमचं दुकान बंद असतं, मी गाडी काढून येतो.