कॉफीच्या पाकिटांची टोपली

बसा बसा, मागच्या मावशींना दिसत नसेल तर पुढं सरका, भाषण फार नाहीये, हाताचंच काम जास्त आहे.

ही टोपली आधी हातात घेऊन बघा. माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा उलटीपालटी करून म्हणे, "हाई काय शे?" म्हटलं कॉफीची पाकिटं. तर म्हणे, आपल्याकडं कॉफी पितं कोण! खरंय, भुसावळ स्टेशनला पहाटे उतरलेला माणूस आधी चहाच शोधतो. पण आता जळगाव-धुळ्याला कॅफे झालेत, त्यांच्याकडं किलोकिलोची पाकिटं येतात आणि रिकामी झाली की थेट कचऱ्यात, भंगारवालासुद्धा हात लावत नाही. कारण बाहेरून छपाईचं प्लास्टिक, मधे ॲल्युमिनियमचा पातळ थर, आतून अजून एक प्लास्टिक, आणि सगळं असं चिकटवलेलं की वेगळं करणं कुणाला परवडत नाही. कॉफीला हवा, ओल, उजेड तिन्ही चालत नाही म्हणून एवढा बंदोबस्त. आणि आपल्याला नेमकं तेच पाहिजे, भिजत नाही, सहजी फाटत नाही, घडी मारली की बसते.

वर ते गोल बटण असतं ना, ती झडप आहे. भाजलेल्या बियांमधून किती दिवस कार्बन डायऑक्साइड निघत राहतो, तो बाहेर जातो पण हवा आत येत नाही. ती कापून टाका, पट्टीत आली तर घडी फुगते.

आता माप. पाकीट साबणानं धुवायचं, आत तेल असतं, नाहीतर महिनाभर वास. वरची-खालची शिवण कापली की गोल नळी राहते, ती एका बाजूनं उभी चिरून उघडायची आणि आडवी कापायची, सहा सेंटीमीटर रुंद पट्ट्या. दोन्ही कडा मधे दुमडायच्या, परत मधून दुमडायची, झाली दीड सेंटीमीटरची चार पदरी पट्टी. घडी चमच्याच्या पाठीनं घासा, इस्त्री लावू नका. मी लावली होती, आतलं प्लास्टिक वितळून इस्त्रीला असं चिकटलं की नवऱ्याचे शर्ट दोन दिवस तसेच पडून.

तळाला आठ उभ्या आठ आडव्या, एक वर एक खाली, बाज विणतो तसंच. मग सगळी टोकं वर वळवायची आणि भोवती कडी, म्हणजे पट्टीचा गोल, घालायची, प्रत्येक ओळीची वेगळी कडी, आणि खालच्या ओळीत जी पट्टी बाहेर होती ती आता आत. बुरुड बांबूची टोपली एकच कामटी गोल गोल फिरवत विणतो तेव्हा उभ्या काड्या विषम लागतात, सम असल्या की दुसऱ्या फेऱ्यात वरची वरच येते आणि वीण बसतच नाही. आपल्या कड्या वेगळ्या आहेत म्हणून सम चालतं. कोपऱ्यात कपड्याचे चिमटे लावा, मी पहिल्या टोपलीला लावले नव्हते, ती अजून एका अंगाला कललेली आहे, त्यात लसूण ठेवते. ओलं काही ठेवू नका, पाणी घड्यांमधे अडकून बसतं. कुरडया-पापड डब्यातच.

एका टोपलीला साधारण सहा-सात पाकिटं लागतात. विकली जाईल का, हे विचारणारच तुम्ही. जाईल, पण धुण्या-कापण्यासकट अख्खा दिवस जातो, रोजंदारी धरली तर हिशोब बसत नाही, मी खोटं सांगणार नाही. वायरच्या पिशव्या आठवतात ना, आपल्या आयांनी विणलेल्या? त्या तरी कुठं विकायला विणल्या होत्या. फक्त टोपली पाहिजे म्हणून कॉफी विकत घेऊ नका म्हणजे झालं, कॅफेवाल्याला सांगून ठेवा, तो पिशवीभर देतो, त्यालाही कचरा कमीच होतो.

कात्र्या आणल्यात का सगळ्यांनी? नसेल तर शेजारणीशी जोडी करा, एकीनं कापा, एकीनं दुमडा.