वळचणीखालची पडवी

[पडदा: कौलारू घराची मागची बाजू. वळचणीला टेप धरलेला हात.]

टेपचं एक टोक वळचणीच्या शेवटच्या कौलाला, दुसरं अंगणातल्या मातीला. आकडा येतो ९ फूट ६ इंच. जुन्या घराला स्वतःच्या हातानं चिऱ्याची, म्हणजे कापलेल्या जांभ्या दगडाची पडवी जोडायची, तर पहिलं माप हे. खोली केवढी हवी ते नंतर बघू.

नव्या छपराला जुन्या वळचणीखाली शिरायचंय. जोड जुन्या कौलांच्या वरून घेतला, तर कितीही सिमेंट थापा, श्रावणापर्यंत तिथून पाणी आत येतं. म्हणून वळचणीखाली ४ इंच मोकळे सोडायचे. उरले ९ फूट २ इंच. मंगलोरी कौलांना इथल्या पावसात दोन फुटांना एक फूट उतार हवाच, त्याहून कमी नको. वळचणीच्या टोकापासून नव्या भिंतीच्या बाहेरच्या अंगापर्यंत ६ फूट धरले, की छप्पर ३ फूट उतरलं आणि भिंतीचा माथा आला ६ फूट २ इंचांवर. त्यातून जोत्याचा एक फूट वजा. आत भिंतीलगत राहिले ५ फूट २ इंच. तिथे माणूस ताठ उभा राहत नाही, पण बाज बसते, भाताची कणगी बसते. वळचणीखालचे दोन फूट धरून आणि भिंतीची नऊ इंच जाडी वजा करून खोली आतून सव्वासात फूट रुंद मिळते. दहा फुटांची हवी म्हटलं, तर भिंतीलगतची हीच उंची जेमतेम पावणेचार फुटांवर येते.

कोकणातली पडवी अरुंद का असते आणि माजघरातून दोन पायऱ्या उतरून तिच्यात का जावं लागतं, ते या वजाबाकीत आहे. घरधन्याची गरिबी त्याला कारण नव्हती.

[पडदा: सडा. वाळलेलं गवत, काळपट कातळ, मग खाणीची उभी लाल भिंत.]

हा राजापूरकडचा सडा, म्हणजे कातळाचं पठार. वरचा कातळ काळा दिसतो, फोडला की आत तांबडा. याच दगडावर कुणी हजारो वर्षांपूर्वी मासे, हत्ती, माणसं कोरली. ती कातळशिल्पं २०२२मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली. इंग्रजी पुस्तकात या दगडाला 'लॅटराइट' हे नाव मिळालं ते १८०७मध्ये, फ्रान्सिस बुकानननं केरळातल्या अंगडिपुरमला पाहिलेल्या दगडावरून. लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट. आपल्याकडे तो जांभा, आणि चौकोनी कापला की चिरा.

[पडदा: रुळांवरून सरकणारं मशीन, फिरतं पातं, लाल धूळ.]

पातं आधी उभं फिरतं, मग आडवं, आणि शेवटी पहारीच्या एका टोचणीनं चिरा बुडापासून सुटतो. १५ इंच लांब, ९ रुंद, ७ उंच. खाणीगणिक अर्धा-एक इंच इकडेतिकडे. वजन ३४-३५ किलो. धूळ इतकी बारीक, की कामगाराच्या पापण्या तांबड्या झाल्यात. तोंडाला नुसता रुमाल बांधून ती अडत नाही.

जमिनीतून नुकता निघालेला चिरा मऊ असतो, नखानं ओरखडा उठतो. वारा-ऊन लागलं, आतली ओल गेली, की तो कडक होत जातो. त्यामुळे जुने लोक खाणीतून आणलेले चिरे एक पावसाळा उघड्यावर ठेवत. कच्चे असतील ते त्या चार महिन्यांत आपोआप उघडे पडत. आता ट्रक सकाळी येतो आणि दुपारी भिंत चढायला लागते. पावसाळाभर थांबणं जमत नसेल, तर निदान महिनाभर तरी उन्हात, हवा खेळेल असे रचून ठेवा.

[पडदा: हातोडीचा ठोका. दोन चिरे, दोन आवाज.]

हा ऐका, खणखणीत. आणि हा दुसरा, भद्द. दुसरा बाजूला काढायचा. ज्याच्या भोकांत पांढरट-पिवळी माती भरलेली दिसते तोही बाहेरच्या भिंतीला नको. पावसाच्या माऱ्यानं माती धुऊन जाते आणि मागे पोळं उरतं. शंका असेल तर वजनकाटा आणा. भारतीय मानकाप्रमाणे चांगल्या चिऱ्यानं आपल्या वजनाच्या १२ टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये. आठवडाभर उन्हात सुकवलेला ३४ किलोचा चिरा एक दिवस-रात्र पाण्यात बुडवून पुन्हा तोला. ३८च्या वर गेला, तर तो आतल्या कामाला.

बाहेरून १४ फूट लांबीच्या पडवीला तीनच भिंती, चौथी जुन्या घराची. पाया, जोतं, भिंती, दार-खिडक्यांची वजावट, फुटतूट धरून साडेचारशे चिरे लागतात. म्हणजे पंधरा टन. दोन माणसं हातानं उचलणार असतील, तर चिरे भिंतीपासून दहा पावलांच्या आत उतरवून घ्या. कमरेचा विचार आधीच केलेला बरा.

खाण संपली की सड्यावर चौकोनी खड्डा राहतो, पावसात भरतो. तो बुजवायची तजवीज सहसा कुणी करत नाही.

[पडदा: दोरी, खुंट्या, खणलेला चर.]

पाया दीड फूट रुंद आणि दोन फूट खोल, कातळ किंवा घट्ट मुरूम लागेपर्यंत. काटकोन दोरीनं, तीन, चार आणि पाच फूट बाजूंचा त्रिकोण ताणून. जुन्या घराला लागून खणताना मात्र त्याच्या पायाच्या खाली जाऊ नका आणि एका दमात सगळा चर उघडू नका. तीन-चार फूट खणा, भरा, मग पुढचे. जुनी भिंत मातीत रचलेली आहे. बुडाखालची माती एकदा सरकली, की तिला धरायला काही नसतं. वाढीव बांधकामाची परवानगी आणि घरपट्टीची नोंद ग्रामपंचायतीत आधीच करून घ्या.

[पडदा: लोखंडी पिंपात चुनकळी पडते. पाणी उकळायला लागतं.]

या कामातला सगळ्यात देखणा आणि सगळ्यात धोक्याचा भाग हा. चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याची कोरडी ढेकळं, पाण्यात टाकायची, पाणी चुनकळीवर ओतायचं नाही. कळीच्या साधारण तिप्पट पाणी. बघा, ढेकूळ आधी नुसतं फुसफुसतं, मग त्याला भेगा पडतात, मग ते फुटतं आणि पिंप खदखदायला लागतं. प्लास्टिकची बादली या उष्णतेनं वाकडी होते. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली. डोळ्यात उडालेला चुना चोळायचा नसतो. लगेच भरपूर पाण्यानं धुवायचा आणि डॉक्टर गाठायचा. उकळी निवली, की चाळून पिंपातच वर चार बोटं पाणी ठेवून झाकून ठेवायचा. कमीत कमी पंधरा दिवस. न विरलेला एखादा खडा राहिला, तर तो भिंतीत जाऊन फुलतो आणि गिलाव्याचा पापुद्रा उडवतो.

किनाऱ्यावर हाच चुना पूर्वी शिंपल्यांपासून भाजत.

एक भाग चुना, तीन भाग वाळू आणि सुर्खी मिळून. सुर्खी म्हणजे भाजल्या विटांची पूड. नुसता चुना हवेनं हळूहळू घट्ट होतो, दमट हवेत तर फारच सावकाश. सुर्खीनं तो ओलीतही धरतो. वाळू खाडीची असेल, तर चव घेऊन बघा. खारट लागली तर गोड्या पाण्यानं धुतल्याशिवाय वापरू नका, नाहीतर दोन वर्षांत भिंतीला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर लागेल.

[पडदा: शेजारच्या एका भिंतीचा जवळून फोटो. सिमेंटच्या रेघा पुढे आलेल्या, दगड मागे झिजलेला.]

सिमेंट का नाही, ते इथे दिसतं. सिमेंटचा सांधा दगडापेक्षा कडक. भिंतीत गेलेलं पाणी सांध्यातून बाहेर पडत नाही, दगडातूनच सुकतं. जाताना क्षार दगडाच्या तोंडाशी टाकतं आणि तोंड भुगा होऊन गळतं. चुन्याच्या भिंतीत आधी सांधा झिजतो. सांधा खरवडून पुन्हा भरता येतो. झिजलेला चिरा कोण भरणार?

[पडदा: पहिला थर. ओळंबा लोंबतोय.]

चिरे लावण्याआधी पाण्यानं भिजवा. कोरडा चिरा चुन्यातलं पाणी शोषून घेतो आणि सांधा वाळूसारखा सुटतो. जोत्याला सगळ्यात काळे, जड चिरे निवडलेत. कोपरे आधी, मग दोरी, मग मधला भाग. वरच्या थराचा उभा सांधा खालच्याच्या मधोमध यावा. अर्धा चिरा लागला, तर रुंद पात्याच्या हत्यारानं चारी बाजूंनी रेघ मारत तासायचा. एकाच बाजूनं ठोकलात तर तो हवा तिथे तुटत नाही. सांधा अर्ध्या इंचाचा. दिवसाला तीन थर, त्यावर नाही. चौथा चढवला, की वजनानं खालचा ओला चुना दाबून बाहेर येतो आणि ओळंबा सुटतो. आठ थर झाले, की पाच फूट. वर लाकडाची पट्टी बसली, की हवी ती उंची. नवं काम आठ-दहा दिवस ओल्या गोणपाटाखाली.

दाराची चौकट आधी उभी करून भिंत तिला लावत आणलीय. खिडकीवरची तुळई दोन्ही बाजूंनी नऊ-नऊ इंच भिंतीवर टेकते.

[पडदा: नवी भिंत जिथे जुनीला भेटते तो कोपरा.]

गवंड्याला विचाराल, तर तो म्हणेल, जुन्या भिंतीत दाते काढू आणि नवी त्यात गुंतवू. नको. जुनं घर कधीच बसून स्थिर झालंय. नवी भिंत पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत थोडी बसणार. दाते गुंतलेले असले, तर ती बसताना जुनीला खेचते आणि तडा पडतो तो जुन्या भिंतीत. इथे सरळ अर्ध्या इंचाची फट सोडून ती चुन्यानंच भरलीय. फट पुढे केसभर उघडली, तर पुन्हा भरा.

छपराचा भारही जुन्या भिंतीवर दिलेला नाही. तिच्याशेजारी तीन खांब, प्रत्येकाखाली काळा दगड, वर तुळई, तुळईवर वासे. जाण्यायेण्याला जुनं मागीलदारच ठेवलंय. मातीत रचलेल्या भिंतीत नवं दार फोडायचंच, तर आधी वरचा भार टेकूंवर घ्या. मग अर्ध्या जाडीत एक तुळई, तिच्यावरचा चुना घट्ट झाल्यावर दुसऱ्या बाजूनं दुसरी, आणि मगच खालचे दगड काढा.

[पडदा: वासे चढताहेत. काजूतेलाचा काळा हात.]

वासे किंजळीच्या लाकडाचे, दीड-दीड फुटांवर. भिंतीत टेकणाऱ्या टोकांना काजूच्या टरफलांचं तेल, वाळवी लागू नये म्हणून. हे तेल कातडी भाजतं. मोज्यांशिवाय हात लावू नका.

रिपांचं, म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांचं अंतर पुस्तकातून घेऊ नका. आणलेल्या कौलांपैकी दोन एकमेकांत बसवा आणि एकाच्या नखापासून दुसऱ्याच्या नखापर्यंत मोजा. साधारण साडेबारा इंच येतात. बासेल मिशननं मंगळूरला १८६५मध्ये पहिला कारखाना काढला, त्यानंतर या कौलांचे कितीतरी साचे निघाले. दोन कारखान्यांची कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत. चौरस मीटरला पंधरा, म्हणजे या छपराला अडीचशे. सगळी एकाच ठिकाणची घ्या, वर वीस जास्त.

[पडदा: जुन्या वळचणीखाली शिरलेली नवी कौलं.]

आता जुन्या पाख्याचं सगळं पाणी नव्या छपरावर पडणार. जिथे पागोळ्या आदळतात ती ओळ आधी फुटते, तिथे जाड, निवडक कौलं. खाली अंगणात पाणी जवळजवळ दुप्पट येतं, म्हणून नव्या वळचणीखाली चर आणि चरात चिऱ्यांचे तुकडे. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते. जुन्या भिंतीलगत पावसाचा जो चर होता, तो आता खोलीच्या आत आला. तो वरच्या अंगालाच वळवून बाहेर काढला नाही, तर पाणी नव्या जमिनीखालून जुन्या पायात मुरत राहतं.

[पडदा: पश्चिमेची भिंत, चुन्याचा गिलावा.]

पश्चिमेच्या झडीला गिलावा केलाय. उघडा चिरा फोटोत छान दिसतो, हल्ली त्यावर चकाकी येणारं पॉलिशही मारतात. पॉलिशनं आतली ओल कोंडते. जुन्या गोव्यातलं बॉम जेझू चर्च १६०५मध्ये पूर्ण झालं ते गिलाव्यासकट. १९५०च्या दशकात बाहेरचा गिलावा काढला आणि आता पावसानं झिजणाऱ्या त्या चिऱ्यांना पुन्हा गिलावा करावा की नाही, यावर वाद चालू आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आतल्या भिंती खुशाल उघड्या ठेवा.

चुन्याचं काम दिवाळीनंतर सुरू करून फाल्गुनापर्यंत संपवायचं, छप्पर चैत्र-वैशाखात. मृगाआधी महिनाभर तरी भिंत कोरडी मिळायला हवी. उशीर झालाच, तर झावळ्यांचे झाप विणून झडीच्या बाजूला बांधा.

[पडदा: पहिला पाऊस. आवाज नैसर्गिक, निवेदन थांबतं. मग आतून कौलांकडे रोखलेली बॅटरी.]

पहिल्या मोठ्या सरीत आत उभं राहून बघायच्या जागा दोन: जुन्या वळचणीखालची ओळ आणि सरळ सांध्याचा कोपरा. कौल सरकलेलं असेल, तर आतूनच काठीनं वर ढकलून बसतं. फुटलं असेल, तर पाऊस थांबेपर्यंत खाली पातेलं. उरलेली वीस कौलं कोपऱ्यात उभी लावून ठेवा. आडवी रचली, तर तळची तडकतात.