थांबलं कुठं, ते आधी पाहा

(ग्रामपंचायतींचे संगणक परिचालक आणि शाळांमधले शिक्षक यांच्यापुढे यवतमाळ जिल्ह्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, दुरुस्तीच्या दुकानात येणारा माणूस कम्प्युटरचं कॅबिनेट टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "भाऊ, हे चालूच नाही होऊन राह्यलं. फॉरमॅट मारून द्या." म्हणजे काय बिघडलं हे त्याला ठाऊक नाही, पण इलाज ठरलेला आहे. माझं म्हणणं उलटं आहे. फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकणं. त्याचं नाव सर्वांत शेवटी काढायचं.

बटण दाबल्यापासून विंडोज दिसेपर्यंत ठरलेला क्रम असतो. आधी एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, 230 व्होल्टचे 12, 5 आणि 3.3 व्होल्ट करतो आणि वीज नीट आहे असा इशारा मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य पाटीला, देतो. मग बायोस, म्हणजे मदरबोर्डवरच साठवलेला सुरुवातीचा प्रोग्राम, प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले तपासतं. ते झालं की डिस्क शोधली जाते आणि तिच्यावरचं विंडोज अगदी शेवटी उठतं. पंखाच फिरत नसेल तर विंडोजला दोष कशाचा देता? त्याची पाळीच आलेली नाही. काम जिथं अडलं, तिथंच पाहायचं.

लाइटच लागत नसेल तर बोर्ड, स्पाइक बस्टर आणि कॅबिनेटच्या मागचं छोटं बटण पाहा. झाडताना ते बंद होतं. एसएमपीएस मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर बहुधा अर्थिंग नाही. वायरमनला बोलवा, कम्प्युटरवाल्याला नको.

पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, हा आपल्याकडचा खरा आजार. उन्हाळाभर फुफाटा, जिनिंगच्या आसपास कापसाची रुई, आणि वर कूलर! कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर सोडली की आतली धूळ ओली होऊन चिकटते आणि रॅमचे पिवळे दात काळवंडतात. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, रॅम काढा, दात खोडरबरानं हलकेच पुसा आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बसेपर्यंत परत दाबा. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगानं फिरून खराब होतो. मागच्या पट्टीचं झाकण गायब असेल तर तेही लावा. उंदराला तेवढी वाट पुरते. आणि कूलरची दिशा बदला, एवढं ऐका राजेहो.

चालू होऊन पाच-दहा मिनिटांत बंद पडत असेल तर प्रोसेसरवरचा पंखा आणि त्याच्याखालची, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली आहे का ते पाहा. बाहेर 45 अंश असताना त्या बिचाऱ्याला थंड हवा आणायची कुठून?

आता त्या गोल सेलकडे येऊ. मदरबोर्डवर सीआर2032 नावाचा 3 व्होल्टचा सेल असतो. मशीन बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. शाळेचा कम्प्युटर सुटीभर बंद राहिला, सेल आधीच थकलेला असला, की तारीख मागं जाते. मग वेबसाइट सुरक्षित नाही म्हणून ब्राउझर अडवतो आणि आपण नेटवाल्याशी भांडत बसतो. याहून वाईट म्हणजे सेल संपल्यावर काही मशीनमध्ये बायोसची सेटिंग मूळ पदावर जाते. डिस्क वाचायची पद्धत बदलली की विंडोज निळी स्क्रीन दाखवून थांबतं. विंडोज शाबूत, डिस्क शाबूत, आणि तरी अशा वेळी सर्रास फॉरमॅट होतो. काम होतं स्वस्तातल्या एका सेलचं! सेल बदला, बायोसमध्ये तारीख आणि डिस्कची सेटिंग आधीसारखी करा. त्यासाठी आज चालू असलेल्या मशीनच्या बायोसचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा.

बूट डिव्हाइस नाही असं दिसलं तर आधी लावलेला पेन ड्राइव्ह काढा. मग डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल दाबून पाहा. जुन्या हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका. डेटा महत्त्वाचा असेल तर तिथंच थांबा.

हे सगळं ठीक असूनही विंडोज रिपेअरच्या फेऱ्यात अडकलं असेल, तर फॉरमॅटचा विचार करा. पण डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडा आणि डेटा उतरवून घ्या. "डेटा डी ड्राइव्हमध्ये आहे" यावर विसंबू नका. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नमुना 8 पासून शाळेच्या निकालापर्यंत सगळं डेस्कटॉपवर पडलेलं असतं, आणि डेस्कटॉप असतो सी ड्राइव्हमध्ये. फॉरमॅट मारणारा आधी तोच पुसतो.