हाताची आग

(निवेदन)

जालना जिल्हा, भोकरदन तालुका. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात माल न्यायचा म्हणून पहाटेच मिरचीची तोडणी सुरू झाली होती. दिवसभरात कितीतरी मिरच्या बोटांत मोडतात, रस नखांच्या कडेला मुरतो. संध्याकाळी मावशी पाण्याआधी तळव्यावर गोडेतेल घेतात, बोटांत बोटं घालून चोळतात, मग साबण. नुसत्या पाण्यानं तिखट निघत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. नातू कडेवर घे म्हणून हात पसरतो.

"थांब बाळा, हाताची आग व्हायलीय."

आग. कातडीवर भाजल्याची खूणही नाही, तरी शब्द अगदी नेमका आहे.

तो किती नेमका, हे शोधलं अमेरिकेतले शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांनी. सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रयोगशाळेत त्यांनी मिरचीतलं तिखट द्रव्य, कॅप्सायसिन, हाताशी धरलं. वेदना जाणणाऱ्या चेतापेशींतले जनुकांचे लाखो तुकडे, तिखटाला दाद न देणाऱ्या साध्या पेशींत एकेक गठ्ठा करून घालायचे आणि कोणती पेशी जागी होते ते पाहत बसायचं. चिकाटीचं काम. त्यांचे सहकारी मायकेल कॅटरिना यांना अखेर एकच जनुक हाती लागलं. त्यातून बनणारं प्रथिन म्हणजे चेतातंतूच्या टोकावरचं एक दार: टीआरपीव्ही-1. साल 1997.

हे दार मिरचीनं उघडतं आणि सुमारे 43 अंश उष्णतेनंही. मेंदूकडे निरोप एकच जातो: भाजतंय. आमच्या मराठवाड्याला 43 हा आकडा वेगळा सांगायला नको, मे महिन्यात तो रोज कानावर पडतो.

सूज आली की हे दार त्याहून कमी उष्णतेलाही उघडतं. म्हणून पोळलेल्या कातडीवर कोमट पाणीसुद्धा चटका देतं. मला या संशोधनातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. दुखणाऱ्याला "एवढं काय त्यात" म्हणणाऱ्यांना आता पेशीतलं उत्तर दाखवता येतं.

पक्ष्यांचं दार मात्र तिखटाला उघडतच नाही. पोपट मिरची मजेत खातो, त्याला ती झोंबत नाही.

2021 मध्ये ज्युलियस यांना, स्पर्शाची जाण शोधणारे शास्त्रज्ञ आर्डेम पॅटापुटियन यांच्याबरोबर, वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. औषधाची वाट सोपी नव्हती. दार बंद ठेवणाऱ्या गोळ्यांच्या चाचण्यांत काही जणांना ताप चढला, काहींना गरम वस्तू पोळतेय हेच नीट कळेना. शरीराचं तापमान सांभाळणं आणि चटक्यापासून वाचवणं, दोन्ही कामांत हे दार असतं. वेदना सरसकट मिटवून चालत नाही.

दुसरी वाट मिरचीतूनच निघाली. नागीण बरी होते, पण काही वयस्कर माणसांच्या बरगडीला महिनोन्‌महिने आग राहते, अंगावर सदरासुद्धा सोसत नाही. अशांसाठी 8 टक्के कॅप्सायसिनची पट्टी 2009 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. एवढ्या तीव्र माऱ्यानं चेतातंतूंची टोकं काही काळ निकामी होतात आणि आग थंडावते.

पट्टी लावणाऱ्यांना नायट्राइलचे हातमोजे घालावे लागतात.

मावशींचे हात उघडेच आहेत. पहाटे पुन्हा तोडणी आहे. तेलाची वाटी त्यांनी चुलीजवळ झाकून ठेवलीय.